नगरसेविकेच्या साप्ताहिक वृत्तान्तात नेमके काय लिहावे?

प्रश्न – वृत्तान्तलेखिका, पुणे

नमस्कार. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत पुणे महानगरपालिकेवर पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका नगरसेविकेच्या संपर्क कार्यालयात मी काम करते. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर जवळपास चार वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे होता. त्यामुळे आमच्या प्रभागातील कितीतरी तरुण मतदारांना नगरसेवकाचे काम कसे चालते हे कधी जवळून पाहायलाच मिळालेले नाही. म्हणून ताईंनी दर रविवारी व्हॉट्सॲपवर दोन पानी वृत्तान्त पाठवायचे ठरवले आणि तो लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे दिली.

आतापर्यंतचे सगळे वृत्तान्त मी परवा एकदम वाचून काढले, तेव्हा त्यांत पाहणी दौरे, सत्कार, आरोग्य शिबिरे आणि छायाचित्रेच अधिक आहेत हे लक्षात आले. वाचायला बसण्याचे कारण असे की, एक आजी कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गल्लीतली ड्रेनेज लाइन मंजूर झाली असं तुम्ही तीनदा लिहिलंत, मग खोदाई कधी सुरू होणार?" मला उत्तर देता आले नाही. चौकशी केल्यावर कळले की त्या कामासाठी अंदाजपत्रकात केवळ तरतूद झाली आहे, पुढचे काहीच झालेले नाही. मी मुद्दाम खोटे लिहिले नव्हते, पण त्या आजींच्या दृष्टीने ते खोटेच ठरले, आणि तेव्हापासून मन अस्वस्थ आहे.

महापालिकेचे काम जवळून पाहिलेल्यांनी सांगावे की असा वृत्तान्त कशाभोवती बांधावा, आणि आमच्या प्रभागात चार सदस्य असताना कोणत्या कामाचे श्रेय कोणाचे हे कसे लिहावे.

उत्तर – निवृत्त उपअभियंता

आपल्या प्रश्नाचे मूळ 'मंजूर' या एका शब्दात आहे. मी ज्या महापालिकेत नोकरी केली तिथेही नागरिक आणि लोकप्रतिनिधी यांच्यातील निम्मे गैरसमज या शब्दापासूनच सुरू होत असत.

ड्रेनेजचेच काम घ्या. अंदाजपत्रकात त्याच्या नावापुढे रक्कम पडली की लोक काम मंजूर झाले म्हणतात, पण ती फक्त तरतूद असते. त्यानंतर कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मोजमाप घेतो आणि पूर्वगणनपत्रक, म्हणजे आपल्या बोलण्यातले इस्टिमेट, तयार करतो. त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळाल्यावर निविदा निघते, निविदा उघडल्यावर दर तपासले जातात, रक्कम आयुक्तांच्या अधिकारापलीकडची असेल तर प्रस्ताव स्थायी समितीपुढे जातो, आणि तिथे मान्यता मिळाल्यावर ठेकेदाराशी करार होऊन कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर, दिला जातो. यांपैकी प्रत्येक टप्प्याला कोणीतरी 'मंजूर' म्हणतच असते. खोदाईचे मशीन मात्र कार्यादेशानंतरच गल्लीत येते आणि तेही पावसाळा सोडून.

तरतुदीबाबत आणखी एक गोष्ट नागरिकांना सांगायलाच हवी. ती कायमची नसते. वर्ष सरत येते तसे वर्गीकरणाचे प्रस्ताव येऊ लागतात, म्हणजे एका कामासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवली जाते, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेल्या तरतुदीच्या भरवशावर पुढच्या वर्षी काम होईलच असे नाही. आपल्या प्रभागातील रक्कम वर्गीकरणात बाहेर गेली असेल, तर ती बातमी वृत्तान्तात सर्वांत वर यायला हवी, कारण त्या आठवड्यात प्रभागाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काही घडलेले नसते.

माझी सूचना एवढीच आहे की 'मंजूर' हा शब्द वृत्तान्तातून काढून टाकावा. त्याऐवजी काम कोणत्या टप्प्यावर आहे, तिथे ते किती दिवसांपासून आहे आणि पुढचा कागद कोणत्या खात्याकडून यायचा आहे, हे लिहावे. फाइल एकाच टेबलावर दोन महिने असेल तर तेही लिहावे. अधिकाऱ्याचे नाव लिहू नये, खाते पुरेसे आहे. मी खुर्चीवर असताना असा वृत्तान्त कोणी काढला असता तर मला ते आवडले नसते, पण माझ्याकडच्या फाइली नक्कीच लवकर हलल्या असत्या.

उत्तर – प्रभागातील एक रहिवासी

पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत, म्हणजे जवळपास सर्वत्र एका प्रभागात चार सदस्य आहेत. आमच्याकडे एका रस्त्याच्या डांबरीकरणाबद्दल चौघांनीही आपापले फलक लावले, आणि पहिल्याच पावसात तोच रस्ता उखडला तेव्हा तक्रार कोणाकडे करायची हे कोणीच सांगितले नाही. म्हणून श्रेयाच्या प्रश्नाकडे मी उलट बाजूने पाहतो. काम कोणाच्या 'स' यादीतून, म्हणजे नगरसेवकाने सुचवलेल्या कामांच्या तरतुदीतून झाले हे जरूर लिहा, पण त्यासोबत ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो हेही लिहा. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, आणि ही तारीखच माहीत नसल्यामुळे त्याच कामावर पुन्हा आपल्या कराचा पैसा जातो. चौघांनी मिळून केलेल्या कामावर चौघांची नावे लिहिल्याने ताईंचे काही कमी होणार नाही.

दुसरे असे की, गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार असेल, तर कोणत्या भागात आणि शुक्रवारी किती वाजेपर्यंत कमी दाबाने येईल, हे शिबिराच्या छायाचित्राच्या आधी यावे. ज्या घरमालकांना स्वतः राहत असल्याबद्दलची ४० टक्के मिळकतकर सवलत अजून मिळालेली नाही, त्यांनी पीटी-३ अर्ज कुठे आणि कोणत्या कागदांसह द्यायचा, ही माहितीही आमच्या सोसायटीतल्या कितीतरी ज्येष्ठांना हवी आहे.

उत्तर – सध्या कॅलिफोर्निया, मूळ सांगली

इथे आमच्या शहराच्या कौन्सिल सदस्याचे पत्र दर आठवड्याला ईमेलने येते. शिबिरे, उत्सव, वाचनालयाच्या वेळा त्यातही असतात, परंतु मी ते उघडते ते पुढच्या बैठकीत कोणते विषय आहेत हे पाहण्यासाठी. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राऊन कायदा आहे आणि त्यानुसार नियमित बैठकीची कार्यपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते, तसेच विषयावर निर्णय होण्यापूर्वी नागरिकांना बोलण्याची संधी द्यावी लागते. त्यामुळे पत्र वाचून मी काही करू शकते. आमच्या कोपऱ्यावरच्या पादचारी मार्गाचा विषय मला अशाच पत्रातून आधी कळला आणि मी जाऊन दोन मिनिटे बोलले.

आपला वृत्तान्त रविवारी निघतो हे चांगलेच आहे. येत्या आठवड्यात स्थायी समितीपुढे किंवा मुख्य सभेपुढे प्रभागाशी संबंधित काय येणार आहे, हे त्यात आधी सांगितले तर नागरिकाला ताईंना फोन करून आपले म्हणणे सांगता येईल. झालेल्या निर्णयाची बातमी वाचून नागरिकाला फार तर आनंद किंवा राग व्यक्त करता येतो.

उत्तर – सभागृहाच्या गॅलरीत बसणारा जुना नागरिक

कॅलिफोर्नियातल्या ताईंचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो, आणि आपल्याकडे त्यासाठी जागाही आहे. मुख्य सभा महिन्यातून एकदा भरते आणि स्थायी समिती दर आठवड्याला बसते, म्हणजे साप्ताहिक वृत्तान्ताला विषय कधीच कमी पडणार नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आहे. आपल्या भागातील मतदारांना एकत्र बसवून कामांचा प्राधान्यक्रम ठरवण्याचे ते हक्काचे व्यासपीठ आहे, पण या सभा क्वचितच भरतात. ताईंनी क्षेत्रसभा बोलावली तर तिची तारीख आणि नंतर तिचा वृत्तान्त याच दोन पानांत यावा. पुण्यात नागरिकांनी सुचवलेल्या कामांचा अंदाजपत्रकात समावेश करण्याची पद्धत २००६ पासून आहे, त्याच्या अर्जांची मुदतही अनेकांना उलटून गेल्यावर समजते.

माझा मुख्य आग्रह मात्र मतदानाबद्दल आहे. सभागृहात प्रस्ताव आला, त्यावर उपसूचना आली, मतदान झाले, तर ताईंनी कोणत्या बाजूने हात वर केला आणि का, हे दोन वाक्यांत लिहावे. पक्षादेश असेल तर तसेही लिहावे. ठराव एकमताने झाला असेल, पण चर्चेत त्यांनी आक्षेप घेतला असेल, तर तो आक्षेप लिहावा. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी विरोध केला होता. सदस्याचे एक मत इतक्या वर्षांनंतरही आपल्याला ठाऊक आहे आणि त्यावरून आपण त्या माणसाला ओळखतो. आज मात्र आमच्या प्रभागाच्या सदस्यांनी गेल्या महिन्यात कोणत्या प्रस्तावावर काय मत दिले, हे विचारले तर मला सांगता येणार नाही, आणि मी गॅलरीत बसणारा माणूस आहे.

पुन्हा वृत्तान्तलेखिका

सर्वांचे मनापासून आभार. ही सर्व उत्तरे मी ताईंना वाचून दाखवली. मतदानाचा मुद्दा ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "लिहायचं. मला अडचणीचं वाटेल तेव्हासुद्धा लिहायचं, तेव्हा मी नको म्हणाले तर हे उत्तर मला पुन्हा दाखव."

या रविवारचा मसुदा असा केला आहे. सुरुवातीला येत्या आठवड्यातील बैठकांपुढचे प्रभागाशी संबंधित विषय आणि ताईंना कळवण्यासाठी दूरध्वनीची वेळ. त्याखाली कामांचा तक्ता, ज्यात काम, टप्पा, किती दिवसांपासून आणि पुढे कोणाकडे एवढेच रकाने आहेत. मग मतदान, पाणी आणि कराच्या सूचना. छायाचित्र एकच, तेही उखडलेल्या पदपथाचे. तक्रारदारांची नावे आणि घर क्रमांक मी आधी छापत असे, ते आता काढून टाकले आहेत, कारण एका तक्रारदाराला त्यावरून शेजाऱ्याकडून बोलणी खावी लागली होती.

त्या आजींच्या ड्रेनेज लाइनसाठी तक्त्यात लिहिले आहे, "अंदाजपत्रकात तरतूद आहे. जागेची मोजणी झालेली नाही. पूर्वगणनपत्रक मलनिस्सारण विभागाकडून यायचे आहे. आधीच्या तीन वृत्तान्तांत हे काम मंजूर झाल्याचे लिहिले होते, ते चुकीचे होते." छापील प्रत घेऊन मी सोमवारी स्वतः त्यांच्या घरी जाणार आहे, कारण त्या व्हॉट्सॲप वापरत नाहीत.