मदत हवी आहे: पेट दुसऱ्याचा, मेला की शिव्या मला

जरा लवकर सांगा, रात्री परत त्याच लोकांबरोबर जायचंय. ऑनलाइन गेममध्ये मी हीलर, म्हणजे टीममधल्यांना बरं करणारा. काल हंटरचा पेट (त्याच्यासाठी लढणारं पाळीव जनावर) सारखा मरत होता आणि तो बाबा मलाच बोलत राहिला, शेवटी पार्टी सोडून गेला. टँक (पुढे राहून मार खाणारा) जिवंत, बाकी सगळे जिवंत. पेट जगवणं माझं काम आहे का? हो की नाही एवढंच सांगा.

चहाबाज: कुठला गेम ते तरी लिहा.

धागाकर्ता: वॉव (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) हो, अजून कुठला.

निशाचर: रिटेल (आजचा गेम) की क्लासिक (जुनी आवृत्ती)? क्लास कुठला, डंजन (टीमने लढायची जागा) कुठलं? क्लासिकमध्ये मेंड पेट (पेटला बरं करणारा स्पेल) हंटरला थांबून चॅनल करावं, म्हणजे धरून ठेवावं लागतं, रिटेलमध्ये टाकून पुढे जाता येतं. त्यावर उत्तर बदलतं.

धागाकर्ता: क्लासिक. प्रीस्ट. नोमरेगन.

वाघनख: मी हंटर आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो. पेट मेला की त्याची खुशी उतरते, खूश पेट १२५ टक्के डॅमेज देतो आणि नाराज झाला की ७५, मग बसा त्याला खायला घालत. मेंड पेटसाठी २० यार्डांच्या आत जाऊन उभं राहायचं, तोवर धनुष्य बंद. एक रिन्यू (हळूहळू बरं करणारा स्पेल) टाकला तर हीलरचं काय जातं?

सावकार: मॅना (स्पेल टाकायची शक्ती) जातो. पेट तुमचा, चॅनल तुम्ही करा. आधी टँक, मग स्वतः, मग बाकीची माणसं, उरलं तर जनावर.

काळी_जादू: +१. आम्ही वॉरलॉक हेल्थ फनेल स्पेलने आमच्या पेटला स्वतःचं रक्त पाजतो. व्हॉइडवॉकर (आमचा राक्षस पेट) मेला तर परत बोलवायला सोल शार्ड (आत्म्याचा तुकडा) जातो, तरी कुठल्या प्रीस्टवर ओरडलो नाही.

वाघनख: आणि लाइफ टॅप (स्वतःचं रक्त देऊन मॅना घेणं) मारमारून हील मागायला कोण येतं?

काळी_जादू: ते वेगळं.

रानमांजर: बॅडलँड्समध्ये ब्रोकन टूथ नावाचं मांजर मिळतं, अटॅक स्पीड १.०, कास्टरला (मंत्र टाकणाऱ्याला) हैराण करतं. ते टेम करा, म्हणजे पाळा. ते स्पॉन व्हायची (उगवायची) वाट बघत तासन्‌तास बसावं लागतं पण वसूल आहे.

निशाचर: अहो ते प्रीस्ट आहेत, टेम काय करणार! धागाकर्ते, पेट मरत कसा होता? ग्राउल चालू होतं का? आणि तिथे वरून उड्या मारून खाली गेलात का?

धागाकर्ता: ग्राउल म्हणजे? उड्या मारल्या ना, शॉर्टकट आहे तो. मग मागून पेट अख्खी झुंड घेऊन आला. त्याचा काय संबंध?

निशाचर: सगळा संबंध त्याचाच आहे की. पेट आपल्यामागे उडी मारत नाही, तो लांबचा रस्ता धरून पळत येतो आणि वाटेतले सगळे मॉब (शत्रू) अंगावर घेतो. उडीआधी हंटरने डिसमिस पेट करायचं, म्हणजे पेट तात्पुरता परत पाठवायचा, खाली आल्यावर परत बोलवायचं. ग्राउल म्हणजे पेटचा टाँट, डंजनमध्ये त्याचा ऑटोकास्ट (आपोआप चालणं) बंद पाहिजे, नाहीतर टँकच्या अंगावरचा मॉब पेट ओढून घेतो आणि मार खातो. दोन्ही बटणं हंटरच्या हातात, तुम्ही कितीही हील करा.

वाघनख: डिसमिसचं मान्य. रिन्यू तरी टाकावाच.

सावकार: पाण्याचे पैसे तुम्ही देता का? मॅना भरायला आम्हीच पितो.

धागाकर्ता: म्हणजे माझं काम नाही, बरोबर ना? वरचं सगळं कॉपी करून त्याला पाठवतो. पण मॉब पेटवर गेलाय हे मला माझ्या स्क्रीनवर कसं दिसेल?

निशाचर: टार्गेट ऑफ टार्गेट चालू करा, मॉब सिलेक्ट केला की तो कोणाला मारतोय ते शेजारी दिसतं.