वॉर्फरिन हे औषध आणि गुरांचा एक जुना आजार

सांजवात (प्रश्न):
माझ्या आईच्या हृदयात कृत्रिम झडप बसवल्यापासून ती रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन घेत आहे आणि ठरावीक काळाने आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे दाखवणारी) रक्ततपासणी करून गोळीची मात्रा ठरवली जाते. औषधाच्या दुकानात कोणीतरी तिला "हे मुळात उंदरांचे विष आहे" असे सांगितल्यापासून ती धास्तावली आहे. मी याविषयी वाचत होते, तेव्हा हे औषध गुरांच्या एका आजाराच्या शोधातून हाती आले, असा ओझरता उल्लेख सापडला. गुरांसाठी केलेले संशोधन माणसांच्या औषधापर्यंत कसे पोहोचले आणि त्यात पशुवैद्यांचा वाटा खरोखर किती होता, हे कोणी सविस्तर लिहील का? आईला वाचून दाखवायचे आहे.

गोठ्यातला डॉक्टर:
ताई, उंदरांचा संबंध बराच नंतर आला. आरंभ गुरांपासूनच झाला. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात आणि अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात शिंगे काढल्यावर किंवा खच्चीकरण केल्यावर गुरांच्या जखमांतून वाहणारे रक्त थांबेनासे झाले आणि एरवी धडधाकट असलेली जनावरे दगावू लागली. काही जनावरांना तर जखम नसतानाही शरीरात आतल्या आत रक्तस्राव होई. असे मृत्यू एकाच गोठ्यात लागोपाठ होत असल्यामुळे हा संसर्गजन्य रोग असावा, असा संशय येणे स्वाभाविक होते. ऑन्टॅरिओ पशुवैद्यक महाविद्यालयातील फ्रँक स्कोफील्ड यांनी मात्र चाऱ्याकडे लक्ष वळवले. ही गुरे स्वीट क्लोव्हर नावाच्या, आपल्या लसूणघासाच्या कुळातील वनस्पतीची वाळलेली वैरण खात होती आणि ती वैरण ओलाव्यामुळे बुरशी लागून खराब झालेली होती.

स्कोफील्ड यांनी एकाच गंजीतील चांगल्या आणि बिघडलेल्या काड्या वेचून वेगळ्या केल्या आणि त्या निरनिराळ्या सशांना खाऊ घातल्या. बिघडलेल्या काड्या खाणारा ससा रक्तस्रावाने मेला; चांगल्या काड्या खाणाऱ्याला काहीही झाले नाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण वनस्पती तीच आणि गंजीही तीच असल्यामुळे दोष वनस्पतीचा नसून तिच्यात नंतर झालेल्या बिघाडाचा आहे, हे त्यातून निःसंशय दिसले. पुढे नॉर्थ डकोटातील पशुविकृतिशास्त्रज्ञ एल. एम. रॉडरिक यांनी आजारी गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा रक्त गोठवणारा घटक कमी पडतो, हे दाखवले. वैरण बदलली आणि निरोगी जनावराचे रक्त दिले तर आजारी गुरे वाचू शकतात, हेही याच काळात लक्षात आले. परिणाम उलटवता येतो, ही गोष्ट औषधाच्या दृष्टीने निर्णायक ठरली, असे माझे मत आहे.

 

रसायनी:
पशुवैद्यांचे काम मला मान्य आहे. परंतु औषध घडवले ते रसायनशास्त्राने, हेही सांगितले पाहिजे. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एड कार्लसन हा शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठलेले रक्त आणि बिघडलेली वैरण घेऊन, हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर प्रवास करून मॅडिसनला आला आणि तिथल्या विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्यानंतर त्या वैरणीतील नेमके द्रव्य स्फटिकरूपात वेगळे करायला १९३९ साल उजाडले. वनस्पतीतील मूळच्या निरुपद्रवी कुमारिन या द्रव्यापासून बुरशीमुळे डायकुमारॉल हे रक्त गोठू न देणारे द्रव्य तयार होते, असे निष्पन्न झाले. १९४१ मध्ये ते रुग्णांना देण्यात आले. त्याच मालिकेतील अधिक प्रभावी वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये अमेरिकेत त्याला माणसांसाठी मान्यता मिळाली.

गोठ्यातला डॉक्टर:
लिंक यांच्या सहकाऱ्यांची चिकाटी मोठीच होती. मात्र दोष वैरणीत आहे आणि त्याचा परिणाम रक्त गोठण्यावर होतो, या दोन्ही गोष्टी पशुवैद्यांनी आधीच सिद्ध करून ठेवल्या नसत्या, तर त्या कॅनमधील रक्ताचा अर्थ लागायला किती काळ गेला असता, याचाही विचार करावा. या संशोधनाचे वैशिष्ट्य असे की गाय इथे प्रयोगासाठी आजारी पाडलेली नव्हती. ती स्वतःच रुग्ण होती आणि तिला वाचवण्यासाठी कारण शोधले जात होते. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांत आरपीई६५ या जनुकातील दोषामुळे उपजत अंधत्व आढळते. त्या कुत्र्यांना जनुकोपचाराने (सदोष जनुकाची निर्दोष प्रत पेशींत पोहोचवून) दिसू लागल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच जनुकातील दोषामुळे दृष्टी गमावणाऱ्या माणसांसाठीच्या उपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्या कुत्र्यांचा आजार पशुनेत्रतज्ज्ञांनी आधी नीट तपासून नोंदवला होता, म्हणूनच हे शक्य झाले.

हृदयविभाग:
सांजवात, आपल्या आईंच्या शंकेपुरते लिहितो. ज्या परिणामामुळे उंदीर मरतो, त्याच परिणामामुळे झडपेवर गुठळी होणे टळते. दोन्हीकडे के जीवनसत्त्वाचा शरीरातील पुनर्वापर अडवला जातो आणि रक्त गोठवणारे घटक कमी तयार होतात. फरक मात्रेचा आहे आणि ती नेमकी राहावी म्हणूनच आयएनआर तपासावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या अनेक रुग्णांना चालतात. पण धातूच्या यांत्रिक झडपेसाठी आजही याच कुळातील औषधे द्यावी लागतात.

मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असल्यामुळे त्या एकदम बंद किंवा एकदम जास्त करू नयेत. आहारातील त्यांचे प्रमाण आठवड्यागणिक साधारण सारखे ठेवावे. हिरड्यांतून रक्त येणे, लघवी लाल होणे किंवा शौच काळे होणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दात काढायचा असेल किंवा वेदनाशामक घ्यायचे असेल, तर या गोळीविषयी आधी सांगावे आणि ती स्वतःच्या मनाने थांबवू नये.