यादी बदलली की आवड बदलली?

तिसरी रांग:
'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारतं, आजवरचे सर्वोत्तम दहा पिक्चर कोणते. १९६२ ते २००२ 'सिटिझन केन' पहिल्या नंबरवरून हललाच नाही, २०१२ ला 'व्हर्टिगो' आणि २०२२ ला एकदम बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमानचा 'जान दिएलमान', जो आधीच्या यादीत पहिल्या तिसातही नव्हता. १९७५ चा पिक्चर, तीन तास एकवीस मिनिटं, ब्रसेल्समधली विधवा बाई स्वयंपाक करते, भांडी घासते, बटाटे सोलते. मी पूर्ण बघितलाय, एका फिल्म क्लबात, मध्ये चहाला गेलेले निम्मे लोक परत आलेच नाहीत. आवड बिवड काही बदलली नाही हो, मतदार बदलले. २०१२ ला साडेआठशेसुद्धा नव्हते, २०२२ ला सोळाशेच्या वर.

कढीपत्ता:
मग आधीची पन्नास वर्षं मत कोण देत होतं ते पण सांगा की. मी पहिल्यांदा चाळीस मिनिटांत बंद केला होता, खोटं कशाला बोलू. नंतर एकदा घरी लावला, आई शेजारी मेथी निवडत बसलेली, तिला फ्रेंच येत नाही, सबटायटल वाचायचा कंटाळा. दुसऱ्या दिवशीचे बटाटे जास्त शिजतात, ती बाई पातेलं घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवू कुठे टाकू कळत नाही. आई म्हणाली, "हिचं काहीतरी बिनसलंय." मला तर तेव्हा नुसते बटाटेच दिसत होते!

रात्रीचा शो:
तुम्ही दोघं १९७५ मध्येच अडकलात, आपल्या दशकाचं बोला ना, २००० पासूनचं. 'इन द मूड फॉर लव्ह' २०१२ ला चोविसावा, २०२२ ला पाचवा. 'मलहॉलंड ड्राइव्ह' अठ्ठावीसवरून आठ. एवढी उडी फक्त मतदार वाढले म्हणून? 'इन द मूड' कॉलेजात सीडीवर पाहिला तेव्हा मी म्हणालो होतो की अरे यात घडतं काय, नायिका डबा घेऊन नूडल्स आणायला जिना उतरते आणि परत चढते, बास. आता पस्तिशी उलटल्यावर त्याच जिन्यावर घसा दाटतो. तेव्हा आमच्यात इराणी दिग्दर्शक कियारोस्तामीचं नाव घेतल्याशिवाय चहा मिळत नव्हता, आताच्या पोरांना कोरियन पाहिजे. उद्या तेही जुनं होईल.

तिसरी रांग:
तुझं वय वाढलं, ते वेगळं. पण कोरियन 'पॅरासाइट' २०१९ चा आणि तीन वर्षांत शंभरात? जरा मुरू तरी द्या. आणि आपला 'पथेर पांचाली' पस्तिसावा, अख्ख्या शंभरात भारतातला तेवढा एकच. अमेरिकन दिग्दर्शक पॉल श्रेडरने पण २०२२ च्या या निकालावर नाराजी दाखवली होती.

कढीपत्ता:
त्याच श्रेडरला 'जान दिएलमान' आवडतो, हेही लिहा. त्याचा राग पहिल्या नंबरवर होता, पिक्चरवर नाही.
बाय द वे, आई मध्येच उठून गेली होती, काल विचारत होती, त्या बाईने बटाटे परत लावले का. मला आठवेना.

तिसरी रांग:
लावले. आधी कोट घालून दुकानात जाते, नवे आणते, मग बसून सोलते. सगळं दाखवलंय.