शब्दचर्चा : कौल – देवाचा, दरबाराचा आणि मतदाराचा

घाटावरची सून : निकाल लागले की 'जनतेचा कौल' हा मथळा ठरलेला. माझं सासर मालवणाकडचं. तिथे विहीर खणायची असो की स्थळाला होकार द्यायचा असो, 'आधी देवाक कौल लाव' हे पहिलं वाक्य. आमच्याकडे देवाला फुलं वाहतात. फुलाकडून उत्तर घेण्याची रीत मला नवीन. मतदारांचा कौल या फुलावरूनच आलाय का?

तळकोकणी : आधी रीत सांगतो. मूर्तीला किंवा पाषाणाला स्नान घालून ओल्या अंगावर ठरावीक जागी फुलांच्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात. याला 'कळे लावणे' असंही म्हणतात. मग गुरव गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली मंडळी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' करतात. प्रश्न नेमका लागतो, 'भलं होईल का' असला मोघम चालत नाही. उजवीकडचा कळा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. काहीच पडलं नाही तर सगळे उभे. कुणी खोकत नाही. मग गुरव पुन्हा गाऱ्हाणं घालतो, 'काय चुकला-माकला असात तर' वगैरे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा याच वाटेने ठरते, म्हणून कॅलेंडरात तिची कायमची तिथी सापडत नाही.

नास्तिक शेजारी : ओली पाकळी वाळली की पडणारच. कुठली आधी पडेल हे पाणी किती लागलंय आणि बोट किती दाबलंय यावर.

तळकोकणी : असेल. पण भावकीत चार घरांचं पटत नसताना कळा पडतो आणि कुणालाही 'मी माघार घेतली' म्हणावं लागत नाही. कौल टिकलाय तो यामुळे, असं माझं मत.

दप्तरवाला : व्युत्पत्तीचं उत्तर : नाही, फुलावरून नाही. शब्द अरबी, फारसीमार्गे आलेला. मूळ अर्थ बोललेलं वचन. कव्वाली त्याच धातूची. 'कबूल' मात्र वेगळ्या धातूचा, त्याला यात ओढू नये. मराठी कागदांत कौल म्हणजे सरकारने दिलेलं लेखी अभय किंवा करार. लढाईत उजाड झालेल्या गावाची रयत परत आणायची तर 'कौल देऊन' आणत : पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे दरसाल चढत्या दराने. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. किल्ला खाली करणाऱ्यांना जिवाची हमी द्यायची तर तोही कौलच. म्हणजे कौल देणारा वरचा, मागणारा खालचा. देवळात तो शब्द चपखल बसला कारण तिथेही वरच्याकडूनच वचन घ्यायचंय. मतदाराच्या बाबतीत गंमत ही की पाच वर्षांतून एकदा वरचा-खालचा उलटे होतात.

फोंड्याहून : गोव्यात याला बहुतेक 'प्रसाद' म्हणतात, पाकळ्यांचा प्रसाद. 'कौल-प्रसाद' असा जोडशब्दही चालतो. पुण्याच्या पाहुण्यांना 'प्रसाद लावायला आलोय' म्हटलं की ते हात पुढे करून शिऱ्याची वाट बघतात! म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा असते, तिथे जाईच्या फुलांनी गाभारा भरतो; ते फुलं वाहणं. प्रसादाच्या पाकळ्या वाहिलेल्या नसतात, लावलेल्या असतात.

घाटावरची सून : हा क्रियापदांचा फरक कामाचा आहे. मग वाक्यात कसं? 'देवाला कौल दिला' असं मी परवा लिहिलं आणि नणंद हसली.

दप्तरवाला : हसणारच. आपण कौल लावतो, देव कौल देतो, आणि मिळाला की 'कौल झाला' किंवा 'उजवा कौल मिळाला'. उमेदवार कौल मागतो, मतदार देतो. 'अमुक पक्षाला कौल' हे बरोबर, कारण देणारा मतदार गृहीत आहे. एक सावधगिरी लिंगाची : हा कौल पुल्लिंगी, 'तो कौल'. छपरावरचं 'ते कौल', अनेकवचनी कौले. शाक्त पंथातला कौल कुळावरून आलेला, तो संस्कृत. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही.

नास्तिक शेजारी : आणि त्रिशंकू विधानसभेला काय म्हणायचं? कळा पडलाच नाही?

तळकोकणी : पुन्हा गाऱ्हाणं.