मंडळीशिवाय शिष्यत्व टिकतं का?

ढोलकीवाला (धागाकर्ता)
जय ख्रिस्त. परवा आमच्या घरप्रार्थनेत एका तरुणाने विचारलं, "काका, मी रोज शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, मोबाईलवर चांगले संदेश ऐकतो. मग मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायलाच हवं का?" तेव्हा नीट उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत असं, की येशूच्या मागे निघता एकट्याने येतं, पण वर्षानुवर्षं चालत राहायला सोबत लागते.

सहा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. त्यानंतर मला प्रार्थनाच येईना. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटलं की पुढे गळा दाटायचा. जाणं सोडलंच असतं, पण बुधवारच्या घरप्रार्थनेची ढोलकी माझ्याकडे असते. आठ घरं, दर बुधवारी एक. ढोलकी नसली की गाणी पडतात. म्हणून जायचो. चटईच्या कडेला बसून वाजवायचो आणि बाकीच्यांनी डोळे मिटले की ढोलकीच्या कड्या सरकवत बसायचो. असे अकरा महिने गेले. का गप्प बसतोस, असं कुणी विचारलं नाही. एक म्हाताऱ्या बाई मात्र दर बुधवारी भावाचं नाव घेऊन माझ्या आईसाठी मागायच्या. एकदा त्या आजारी पडल्या, आल्या नाहीत. प्रार्थना संपत आली तरी भावाचं नाव कुणी घेतलं नाही. मग ते मीच घेतलं.

एकटा असतो तर तो दिवस आला नसता. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात, १०:२५ मध्ये, एकत्र मिळणं सोडू नका म्हटलंय, ते मला तेव्हा कळलं. तुम्हाला काय वाटतं?

पहाटवेळ
दादा, भावाचं वाचून डोळे भरून आले. पण मत पटलं नाही, आणि का ते सांगते.

मी आठ वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे मंडळीतल्या मुलांचा रविवारचा शास्त्रवर्ग, घेतली. नवऱ्याचा मार असह्य झाला तेव्हा मुलीला घेऊन घराबाहेर पडले. दुसऱ्या आठवड्यात मंडळीचा कारभार पाहणारे दोन वडील (एल्डर) आले. वाटलं, विचारपूस करायला आले. त्यांनी सांगितलं, संसार सांभाळून घ्या आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत वर्ग घेऊ नका. मुलीच्या शाळेची फी कोण भरतंय, हे त्यांनीही विचारलं नाही आणि नंतरही कुणी विचारलं नाही.

त्याला सात वर्षं झाली. रोज साडेचारला उठते, मुलीचा डबा करायच्या आधी एक स्तोत्र मोठ्याने वाचते. आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर मला जवळ घेईल, हे २७ व्या स्तोत्रातलं वचन माझ्या ओट्यावर चिकटवलेलं आहे, तेलाचे डाग पडलेत त्याच्यावर. मी टिकले नाही असं कुणी म्हणू नये.

आणि तुम्ही १०:२५ सांगता, पण त्याच्या आधीचं २४ वं वचन? प्रीती आणि सत्कर्मांसाठी एकमेकांकडे लक्ष द्या, असं आहे तिथे. लक्ष देणं नाही आणि हजेरी मात्र हवी, ही कोणती रीत?

जुना_वडील
ताई, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. पण माणसं चुकली म्हणून ख्रिस्ताचं शरीर, म्हणजे मंडळी, टाकून देता येत नाही. बाप्तिस्मा स्वतःच्या हाताने घेता येत नाही, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी) एकट्याने होत नाही. चौथ्या शतकात कप्पदुकियाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) बिशप बासिलने एकांतवासी साधूंना हेच विचारलं होतं: एकटाच राहिलास तर पाय कुणाचे धुशील? माझी चाळीस वर्षं मंडळीत गेली, भांडणं भरपूर पाहिली. पण जे घरी बसले त्यांच्यातले फार थोडे टिकले.

पहाटवेळ
काका, पाय धुण्याचंच म्हणते मी. पाय धुवायला माझ्या दारी कोण आलं होतं?

आणि पंडिता रमाबाईंचं काय? १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्या मठातल्या ज्या सिस्टर्सनी आधार दिला त्यांनाच पत्रं लिहून सांगितलं की धर्मगुरू म्हणतात म्हणून मी काही मानणार नाही. एका पंथाची चौकट त्यांनी शेवटपर्यंत स्वीकारली नाही. त्यांचं शिष्यत्व कच्चं होतं का?

केडगावकर
रमाबाईंचं नाव निघालं म्हणून लिहितो. चौकट त्यांनी नाकारली हे खरंच. पण पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला काय केलं, तेही पाहा. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांत त्या राहिल्या, त्यांच्यासोबत जेवल्या, त्यांच्यासोबत गुडघे टेकले. १९०५ च्या सुरुवातीला रोज एकत्र प्रार्थनेला कोण बसेल असं विचारल्यावर सत्तर जणी पुढे आल्या आणि जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. त्यांच्या मुक्ती मिशनचं ते संजीवन, म्हणजे विश्वासाची ती नवी जाग, एकटीच्या खोलीतलं नव्हे.

नारायण वामन टिळकांचंही तसंच. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, पण घरी बसले नाहीत. साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा दिली. दोनच वर्षांत ते गेले. पण मिशनची चौकट सोडली तरी संगत सोडली नाही, हे मला मोठं वाटतं. ताईंनी मंडळी सोडली यात दोष दिसत नाही. प्रश्न पुढचा आहे.

मेथॉडिस्ट_नात
मला वाटतं आपण 'मंडळी' म्हणजे रविवारची इमारत धरून भांडतोय. १७४२ मध्ये ब्रिस्टलला मेथॉडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांवर प्रार्थनाघराचं कर्ज होतं. ठरलं असं, की बारा-बारा जणांचे गट करायचे, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि गटप्रमुखाने घरोघरी जाऊन ती गोळा करायची. प्रमुख दारात गेले तेव्हा कळलं की कोणाच्या घरात दारू आहे, कोण भांडतंय, कोण उपाशी आहे. पैशासाठी ठरलेली फेरी जिवाच्या विचारपुशीची झाली, आणि मेथॉडिस्टांना त्याच गटांनी घडवलं. माझी आजी आठवड्याच्या अशा वर्गाला जायची. तिथे तुझा आत्मा कसा आहे, असं सरळ विचारायचे आणि उत्तर ऐकून घ्यायचे. आता वर्गणीची पावती घरपोच मिळते, पण विचारपूस राहून गेली.

वसईची_सून
आम्ही कॅथलिक, तरी लिहिते. सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळल्या आहेत. २०२० मध्ये देवळं बंद झाली तेव्हा सगळे मोबाईलवर मिस्सा (आमची देवळातली उपासना) पाहायला लागले. आमच्या घरी ते आधीपासूनच चालू होतं. मोबाईलने आधार दिला, खोटं बोलणार नाही. पण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी देवळातून ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेऊन कुणी येणार असलं की सासूबाई आदल्या रात्री मला केस विंचरायला सांगतात, धुतलेली साडी काढून ठेवायला लावतात. मोबाईलवरच्या मिस्सेसाठी त्यांनी कधी साडी बदलली नाही. माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे. पण पहाटवेळताईंच्या घरी असं कुणी गेलं नाही, हे वाचून आतून लाज वाटली.

जुना_वडील
ताई, रात्री पुन्हा वाचलं. मी स्वतः असाच एकदा एका घरी गेलो होतो. तिथेही 'संसार सांभाळून घ्या' असंच बोललो होतो. त्या बाई पुन्हा देवळात दिसल्या नाहीत आणि मी त्यांचं नाव यादीतून कमी केलं. मंडळीशिवाय शिष्यत्व टिकत नाही, हे माझं मत तसंच आहे. पण 'जे घरी बसले' असं मी वर लिहिलं, तसं लिहायला नको होतं. काहींना आम्हीच घरी बसवलं.

ढोलकीवाला (धागाकर्ता)
पहाटवेळताई, माझं मत मी थोडं बदलतो. त्या तरुणाला सांगेन की सोबत हवीच, पण ती सोबत आहे का हे आधी आम्हाला विचार. माझी ढोलकी नसती तर मला कुणी शोधत आलं असतं का, हा विचार कालपासून जात नाही. आमच्या आठ घरांपैकी दोन घरांतली माणसं दिवाळीपासून आलेली नाहीत. आज संध्याकाळी जातोय, ढोलकी न घेता.

पहाटवेळ
काका, एवढं लिहिलंत, बरं वाटलं. दादा, जा नक्की. आणि चहा घ्याच, घाईत उठू नका.

मी रविवारी येणार नाही, निदान आत्ता तरी नाही. पण सात वर्षं स्तोत्र एकटीनेच वाचतेय, आणि मुलगी आता पुढच्या वर्षी होस्टेलला जाईल. घर फारच शांत होणार आहे. पहाटे उठणारी कुणी बाई असेल तर फोनवर आलटून पालटून एकेक वचन वाचता येईल. कुणी आहे का?

वसईची_सून
सासूबाईंना औषध द्यायला मी साडेचारलाच उठते. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते. उद्या कितवं स्तोत्र आहे?