मदत हवी आहे: नांदेड ते कोल्हापूर विमानाने अंतर आणि वेळ किती धरायचा?

नमस्कार मंडळी,

आईला नांदेडहून कोल्हापूरला न्यायचं आहे. अंबाबाईचं दर्शन आणि पुढे बहिणीकडे मुक्काम. गुडघ्यांमुळे तिला रात्रभर एसटीत बसवत नाही, म्हणून विमानाचं बघतोय. अंतर काढून देणाऱ्या एका साइटवर दोन्ही विमानतळ टाकले, तर उत्तर आलं ४२६ किमी, ३२ मिनिटं!

अंतराबद्दल शंका नाही. अक्षांशांत अडीच अंशांचा फरक, रेखांशांत तीनचा. अक्षांशाचा अंश १११ किमी, रेखांशाचा आपल्याकडे साधारण १०६, आणि मग पायथागोरस. सव्वाचारशेच येतात. पण ३२ मिनिटं? एवढ्यात तर नांदेड शहरातून बाहेर पडणं होत नाही.

थेट विमान नसेल तर हैदराबादमार्गे किती पडेल? आणि आईला शिडी चढवेल का, हीही काळजी आहेच.

प्रतिसाद १:
ती साइट ताशी ८०० किमी धरून भागाकार करते. तो मोठ्या जेटचा वर पोहोचल्यानंतरचा वेग. लहान विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर ७२ येतं, पंख्यांचं, ते ताशी ५०० च्या आसपास जातं. चढताना-उतरताना त्याहून कमी. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीला समांतर टॅक्सीवे (विमानांना जमिनीवर ये-जा करायचा रस्ता) नसेल तर धावपट्टीवरच टोकापर्यंत जाऊन वळून यावं लागतं, तीही मिनिटं त्यातच. थेट असेल तर एटीआरने सव्वा तास धरा. आणि साइट अंतर दाखवते म्हणजे त्या मार्गावर विमान आहे असं नाही, ती कुठलेही दोन बिंदू जोडून देते.

प्रतिसाद २:
हैदराबादमार्गे सरळ रेषेत २४५ अधिक ४४५, म्हणजे ६९० किमी. हवेतले दोन-सव्वादोन तासच, पण खरा वेळ मधल्या थांब्यात जातो. आधी दोन्ही विमानांचे वार जुळतात का बघा, भाडं नंतर. उडानच्या (लहान शहरं विमानाने जोडायची केंद्राची योजना) पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ ला, नांदेड-हैदराबाद सुरू झालं होतं. पण या योजनेत अनुदान तीनच वर्षं मिळतं, त्यामुळे मार्ग सुरू-बंद होत राहतात. जुन्या धाग्यांवरच्या वेळा धरू नका.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर मिळाले तरच घ्या. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं लेट झालं, तर दुसरं बुडालं.

एटीआरला मागच्या दारातून चढायचं असतं, पायऱ्या थोड्याच. तरी व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा, आणि रॅम्प किंवा उचलून नेणारी सोय दोन्ही टोकांना आहे का, ते फोन करून विचारा. हैदराबादला आहे म्हणून नांदेडला असेलच असं नाही.

धागाकर्ता:
धन्यवाद! आधी वार बघतो. नाही जुळले तर गाडी करून सोलापूरला एक रात्र मुक्काम, हा बहिणीचा पर्याय आहेच.