जुन्या भाषेतली नाटकं पडद्यावर: सबटायटल लावायची की संहिता वाचून बसायचं?

सीताबर्डीकर
शेक्सपिअर पाहताना सबटायटल बंद ठेवावीत, असं माझं ठाम मत. खोडून काढा. सबटायटलच्या एका ओळीत साधारण 42 अक्षरं बसतात. शेक्सपिअरची दहा सिलॅबलची ओळ त्यात कित्येकदा मावत नाही, भलतीकडेच तुटते आणि पाच आघातांची लय गेली. ‘मॅकबेथ’मध्ये चेटकिणी चार आघातांत बोलतात, बाकीचे बहुतेक पाच, दारवान सरळ गद्यात. कानाला हा फरक आपसूक कळतो, डोळे खाली गुंतले की निसटतो. पहिल्या अंकात सातच प्रवेश आहेत. ते आधी वाचा, मग तेवढाच भाग पाहा. फोल्जर या शेक्सपिअर ग्रंथालयाच्या साइटवर संहिता फुकट आहे.

धरमपेठी
काहून एवढा अट्टाहास भाऊ? मे महिन्यात कूलर घरघरत असताना लेडी मॅकबेथची कुजबुज कोणाला ऐकू येऊन राहिली?

लोक नाटक सोडतात ते दुसऱ्याच प्रवेशात. जखमी कॅप्टन लढाईची बातमी सांगतो तिथे. त्याच्या वाक्यात मॅकबेथचं नाव पहिल्या ओळीत येतं आणि त्याने काय केलं ते क्रियापद चौथ्या ओळीत. मधे सगळी विशेषणं न उपमा. स्वल्पविराम समोर दिसल्याशिवाय ते वाक्य नवख्याच्या हाती लागतच नाही. म्हणून पहिल्यांदा सबटायटल लावाच, पण इंग्रजीच. हिंदी लावली की नुसता सारांश मिळतो. यंत्राने आपोआप काढलेली तर नकोच: जुनी रूपं चुकीची ऐकतात, विरामचिन्हं बेभरवशाची. वेग 0.75 वर नेऊ नका, लयीचा लगदा होतो. दुसऱ्यांदा पाहताना खुनाआधीचा आणि नंतरचा प्रवेश, म्हणजे 1.7 (अंक 1, प्रवेश 7) आणि 2.2, सबटायटल काढून पाहा.

महालवाला
दोघंही एक गोष्ट विसरले. सिनेमा कोणता, ते आधी ठरवा. पुस्तक मांडीवर घेऊन ऑलिव्हिएचा 1948 चा ‘हॅम्लेट’ लावला तर पानं उलटण्यातच वेळ जाईल. त्यात फोर्टिनब्रास नाही, रोझेनक्रांट्झ-गिल्डेनस्टर्न नाहीत, ही पात्रंच गाळली, आणि ‘टू बी ऑर नॉट टू बी’ हे प्रसिद्ध स्वगत ऑफेलियासोबतच्या प्रवेशानंतर सरकवलेलं. ब्रानाचा 1996 चा 242 मिनिटांचा आहे, संहिता पूर्ण. वाचत पाहायचं तर तोच, दोन-तीन बैठकांत. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला मात्र जोएल कोएनचा ‘मॅकबेथ’ बरा, 105 मिनिटांत मोकळे.

खामलेकर
एवढा खटाटोप कशाला? ‘मॅकबेथ’वरचा हिंदी सिनेमा ‘मक्बूल’ पाहा, ‘हॅम्लेट’वरचा ‘हैदर’ पाहा. चेटकिणींच्या जागी दोन पोलीस, डेन्मार्कच्या जागी 1995 चं काश्मीर. नाटक कळलं की.

सीताबर्डीकर
गोष्ट कळली, नाटक नाही. ‘मॅकबेथ’ची गोष्ट तर शेक्सपिअरनेही हॉलिन्शेडच्या बखरीतून उचलली होती. त्याचं स्वतःचं जे काही आहे ते भाषेत, आणि तुम्ही नेमकं तेच गाळलं. ‘मक्बूल’ उत्तम सिनेमा आहे, पण या प्रश्नाचं उत्तर नाही.

रेशीमबागी
इंग्रजीवर एवढा काथ्याकूट, पण 1882 चं ‘सौभद्र’ मुलांना दाखवायला बसलो की तीच रड, आणि रेकॉर्डिंगवर सबटायटल बहुधा नसतातच. तिथे मी सीताबर्डीकरांच्या बाजूने, पण फक्त पदांपुरती. पदाचे शब्द पहिल्या फेरीतच स्पष्ट येतात, नंतर ताना सुरू झाल्या की शब्द शोधू नये. त्यामुळे पदं आधी वाचून घ्या, गद्य संवाद प्रसंगावरून समजतात. आपल्या नागपूरच्या दारव्हेकरांचं ‘कट्यार’ 1967 चं, भाषा सोपी, 2015 चा सिनेमा सहज पाहता येतो. पण त्यात अभिषेकीबुवांच्या चालींसोबत शंकर-एहसान-लॉयची नवी गाणीही आहेत, म्हणून नाटकाचं पुस्तक उघडून त्यात प्रत्येक गाणं शोधत बसू नका.

धरमपेठी
पदांचं मान्य. कॅप्टनच्या भाषणाला ताना नाहीत भाऊ, तिथे सबटायटल राहूच द्या.